तिसऱ्या ओळीतलं पाणी

सकाळी सात वाजता मी तिसऱ्या ओळीतल्या एका संत्र्याच्या आळ्यात हात घातला, तर मनगटापर्यंत चिखल.

“नथ्थूजी!” मी ओरडलो. “इकडे या. आत्ताच्या आत्ता!”

नथ्थूजी बांधावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी ती नीट मळली, चुना झटकला, चिमूट ओठाखाली ठेवली आणि मगच उठले. या माणसाला मी घाईत एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्यांच्या मागे मधमाश्या लागल्या होत्या.

“हे काय आहे?”

त्यांनी वाकून पाहिलं. “ओल आहे जी.”

“ओल आहे हे मलाही दिसतंय. आली कुठून? बाग ताणावर सोडली आहे ना? पाणी बंद करून पंधरा दिवस झाले ना?”

“सतरा.”

“मग?”

नथ्थूजींनी झाडाकडे पाहिलं, मग घराकडे पाहिलं, मग उगाच आभाळाकडे पाहिलं. “पाइप लीक असंन जी,” ते म्हणाले आणि बांधावर परत गेले.

ज्यांना संत्र्याची बाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्याच्या तीन महिने आधीपर्यंत मलाही माहीत नव्हतं. आंबिया बहार घ्यायचा असेल तर डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात. महिना-सव्वा महिना थेंब द्यायचा नाही. पानं मलूल होतात, कडेने वळतात, पिवळी पडून गळतात. झाड आता जातंय की काय असं वाटेपर्यंत थांबायचं, आणि संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडायचं. मग झाड अंगभर फुलतं. पण मध्येच कोणी कनवाळूपणा करून बादलीभर पाणी घातलं, तर ते फुलायचं विसरून नुसती कोवळी पानं फोडत बसतं. म्हणजे त्या झाडाचं ते वर्ष गेलं.

बाग आम्ही सप्टेंबरात घेतली होती. वरुडपासून नऊ किलोमीटरवर, सावरखेडच्या शिवारात, अडीचशे झाडं, एक विहीर आणि कुण्या जुन्या संत्रा-दलालाने हौसेने बांधलेलं घर. घर पाहायला आलो तेव्हा मला व्हरांडा दिसला. राहायला आल्यावर बाकीचं दिसलं. दारं-खिडक्या पावसात फुगून उघडत नव्हत्या आणि थंडीत आकसून लागत नव्हत्या. भिंतीतल्या कपाटात मधमाश्यांचं पोळं होतं, आणि गावातला एकही माणूस ते काढायला तयार नव्हता, कारण ते ‘पहिल्यापासून’ होतं. मोटारीचा स्टार्टर दाबण्याआधी त्याला वाळक्या काठीने एकदा ढोसावं लागे. हेही पहिल्यापासून. माकडं छपरावर नाचत, रोज चार-दोन कवेलू फोडत, आणि मी कुरकुर केली की नथ्थूजी म्हणत, “त्यायचंच घर होतं जी. मधात तुमी आले.”

आमच्या आधी तीन मालक होऊन गेले होते. तिघेही शहरातले, तिघेही वैतागून विकून गेलेले. नथ्थूजी घागरे मात्र बावीस वर्षं तिथेच होते, विहिरीजवळच्या दोन खोल्यांत, बायको चंद्रभागाबरोबर. बाग ते बटईने करायचे. मेहनत त्यांची, पिकात तिसरा हिस्सा त्यांचा. आल्या आल्या मी त्यांना बजावलं होतं, “हा एक बहार बघतो. साधला तर तुम्ही राहा. नाही साधला तर मला दुसरा माणूस पाहावा लागेल.” तेव्हा मला बागेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एकोणतीस वर्षं नागपूरला टेलिफोन खात्यात साहेबगिरी केलेली, ती जाता जात नाही. साठीला आलेल्या त्या माणसाने नुसती मान हलवली होती. दुसरीकडे कुठे त्यांना ना घर होतं, ना जमीन.

माझी बायको कुमुद या सगळ्यावर चकार शब्द काढत नसे. मी तणतणू लागलो की ती मेथी निवडायला घ्यायची. माझी आई त्याच वर्षी फेब्रुवारीत गेली होती. तिचं तीन वर्षांचं आजारपण कुमुदनेच काढलं होतं. आता तिला जरा मोकळी हवा मिळावी म्हणून मी नोकरी सोडून बाग घेतली, असं मी येईल-जाईल त्याला सांगत असे. कुमुदला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं.

तर पाइप. फॉल्ट शोधणं हा माझा धंदा होता. जमिनीखाली चार-चार फुटांवरची केबल मी नुसत्या आवाजावरून पकडायचो, तिथे पाण्याच्या पाइपाची काय कथा? दोन दिवस मी कुदळ घेऊन तिसरी ओळ उकरत होतो. नथ्थूजी डोक्याला टॉवेल गुंडाळून शेजारी उभे राहायचे आणि अधूनमधून म्हणायचे, “अजून थोडं पुढं असंन.” पाइप ठणठणीत निघाला. म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझीच कुदळ त्याच्यावर बसेपर्यंत ठणठणीत होता. उभ्या आयुष्यात फॉल्ट शोधता शोधता फॉल्ट करायची ती माझी पहिलीच वेळ.

“आता लीक आहे जी,” नथ्थूजी म्हणाले.

मी घरात येऊन ताटावर बसलो तेव्हा माझे दोन्ही हात सोलवटलेले होते. कुमुदने भाकरी वाढली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिसऱ्या ओळीतली झाडं दिसत होती, पानं खाली लोंबलेली.

“त्यांना कळत असेल का हो?” ती म्हणाली.

“कोणाला?”

“झाडांना. तहान.”

“कुमुद, झाडं आहेत ती,” मी म्हणालो. “तहान त्यांना नाही, मला लागली आहे. पाणी दे.”

तिने पेला भरून पुढे ठेवला. मग मी तिला तिसऱ्यांदा ताण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ती ऐकत होती. मी समजावून सांगत असलो की ती नेहमीच ऐकत असे.

पाइप जोडून घेतला. चार दिवसांनी तिसरी ओळ पुन्हा ओली.

“हौद पाझरून राह्यला असंन,” नथ्थूजी म्हणाले.

स्वयंपाकघरामागे सिमेंटचा हौद होता, ओळीच्या टोकाशी. मी तो रिकामा केला. वरुडहून सिमेंट आणलं, आत उतरून स्वतः भेगा भरल्या, वर गिलावा केला, दोन दिवस वाळू दिला. तोवर कुमुद विहिरीवरून घागरी आणत होती आणि मी तिला सांगत होतो की जुन्या मालमत्तेत एवढं चालायचंच. नवीन वर्षाच्या पहिल्या तारखेला हौद भरला. तिसऱ्या तारखेला ओळ ओली. मी पुन्हा हौद रिकामा करायला निघालो होतो, तेवढ्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हौद पाझरत असता, तर हौदालगतचं झाड आधी ओलं व्हायला हवं. ते तर खडखडीत कोरडं होतं. ओली होती ती पुढची पाच झाडं, सलग. प्रत्येकाचं आळंच तेवढं ओलं, आणि दोन आळ्यांमधली जमीन फुफाट्यासारखी.

म्हणजे पाइपही नाही आणि हौदही नाही. कोणीतरी हाताने पाणी घालत होतं.

त्या पाच झाडांवर टोकांना पोपटी, लुसलुशीत पानं फुटू लागली होती. एरवी मी म्हटलं असतं, काय सुंदर. त्या दिवशी ती पानं पाहून माझं डोकं फिरलं. आज पाच झाडं, उद्या पन्नास. आणि मला गावातल्या खतवाल्याचं बोलणं आठवलं. पोती मोजता मोजता तो म्हणाला होता, “तुमच्या आधीच्या वकीलसायबाचा बहार दोनदा पडला ना, फूलच नाही धरलं. मालक येतात अन् जातात, नथ्थूजी काही जात नाही.” तेव्हा मी हसलो होतो. आता दोन अधिक दोन चार झाले. बहार पडला की शहरातला माणूस पळतो. नवा येईपर्यंत बाग नथ्थूजींची. दोनदा या माणसाने मला सरळ तोंडावर खोटं सांगितलं होतं, आणि मी उन्हात हौदात उतरून ओणवा होत होतो तेव्हा हा काठावर उभा राहून मला थापी देत होता!

दुपारी चार वाजता मी त्यांच्या खोलीपुढे जाऊन उभा राहिलो. नथ्थूजी बाजेवर बसून दोर वळत होते.

“तिसऱ्या ओळीत पाणी कोण घालतं?”

“काय सांगू जी.”

“पाइप लीक म्हणालात. खोटं. हौद म्हणालात. तेही खोटं. तुम्हाला ठाऊक होतं.”

त्यांनी दोर खाली ठेवला. “ठाऊक होतं.”

“मग सांगा, कोण?”

“ते नाई सांगता येत.”

“मी सांगतो. तुम्ही. बहार पडला की मी वकिलासारखा बाग विकून जाईन आणि तुम्ही मोकळे. बरोबर?”

चंद्रभागा दारात आली. हातात सूप होतं. “काहो सायेब, बोलवते तरी कसं तुमाले? पोरावानी वाढवलेली झाडं आहेत थे. हे कायले पाडतीन बहार? तिसरा हिस्सा यायचा नाही का त्याच्यात?”

“तू चूप राह्य,” नथ्थूजी म्हणाले.

“कायले चूप राहू? सांगून टाका ना जे पाह्यलं थे!”

“चूप राह्य म्हनलं ना.”

हे सगळं मला आणखीच संशयाचं वाटलं. मी म्हणालो, “उद्या सकाळी खोल्या खाली करा.”

नथ्थूजी रागावले असते, गयावया केली असती, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बाजेखालची पत्र्याची पेटी ओढली, झाकण उघडलं आणि आत हात घालून थांबले.

“पानी संक्रांतीलेच सोडा जी,” माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. “आदी नोका सोडू. अन् पह्यलं पानी हलकं द्याचं. एकदम भरून देसान तर फूल गळते.”

“त्याची काळजी तुम्ही करू नका.”

“पाणी मी घालते,” मागून आवाज आला.

कुमुद होती. पदर कमरेला खोचलेला, हात पिठाचे. ती स्वयंपाकघरातून तशीच आली होती.

“तू?”

“मी. रोज दुपारी. तुम्ही झोपलात की. पाच झाडं, पाच बादल्या.”

मला क्षणभर तिचं बोलणं खरंच वाटेना. “तुला माहीत होतं ना? मी तुला तीन-तीनदा समजावून…”

“सगळं माहीत होतं. ताण म्हणजे काय, बहार म्हणजे काय. नथ्थूजींची भाकरी यावर आहे, हेही माहीत होतं. रोज ठरवायची, आज नाही घालायचं. आणि रोज घालायची.”

“वेड लागलं होतं का तुला?”

“असेल.”

“आत चल. आपण आत बोलू.”

“नाही,” कुमुद म्हणाली. “तुम्ही यांना इथे बोललात ना? मग इथेच.”

तेवीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. नथ्थूजी उठून जायला लागले, तर तिने त्यांना हाताने थांबवलं.

“तीन वर्षं मी हेच केलं, अहो,” ती म्हणाली. “आईंची किडनी गेली, डॉक्टर म्हणाले दिवसाला अर्धा लिटर, मी अर्धा लिटर दिलं. चहा त्यातच, गोळ्यांचं पाणी त्यातच, वरण पातळ झालं तर तेही त्यातच. बाहेर नळाचा आवाज आला तरी आई मान वळवायच्या. मग मी नळाखाली फडकं टाकून भांडी घासायला लागले, आवाज होऊ नये म्हणून. माझ्यासमोर हात जोडायच्या त्या. सुनेसमोर. त्यांचे ओठ कसे झाले होते ते तुम्ही पाहिलंत? मी रोज तूप लावायची. इथे त्या खिडकीतून ही पाच झाडं दिसली, तशीच पानं वळलेली, आणि तुम्ही म्हणालात, थेंब द्यायचा नाही. खिडकीतून पाचच दिसतात म्हणून पाचच. बाकीची दिसत नाहीत, म्हणून ती वाचली.”

चंद्रभागाने सूप खाली ठेवलं.

“कुमुद,” मी म्हणालो, “जास्त पाणी दिलं असतं तर ते तिच्या छातीत भरलं असतं. तीन वर्षं काय, तीन महिनेसुद्धा ती काढू शकली नसती. तू तिला जगवलंस.”

“मला माहीत आहे. आईंना माहीत नव्हतं.” ती थांबली. “त्या तुमच्याकडे पाणी मागायच्या तेव्हा तुम्ही काय म्हणायचात?”

मी खाली पडलेला दोर उचलून गुंडाळू लागलो.

“सांगा ना. नथ्थूजींनाही कळू द्या.”

मी काय म्हणायचो ते मला चांगलं आठवत होतं. सकाळी ऑफिसला निघालो की आई खाटेवरून हाक मारायची, “प्रभाकर, घोटभर दे रे.” मी म्हणायचो, “कुमुदला सांगतो हं, आई,” आणि बूट घालायचो. संध्याकाळी परत आलो की पुन्हा तेच. कधी ती म्हणायची, “ती देत नाही रे,” तर मी म्हणायचो, “बोलतो मी तिच्याशी.” काय बोलणार होतो? अर्धा लिटरचा तक्ता मीच भिंतीवर लावला होता, मोजायचं भांडं मीच आणलं होतं. तीन वर्षांत मी आईला एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. माझ्याच्याने म्हणवत नव्हतं, आणि म्हणायला घरात दुसरं माणूस होतं. आई गेली ती मुलगा गुणाचा आणि सून कैदाशीण, असं समजून. तेराव्याला आईची धाकटी बहीण, कमलमावशी, भरल्या पंगतीत म्हणाली होती, “माझ्या बहिणीला हिने पाण्यासाठी तडफडवलं.” कुमुद वाढत होती. ती तशीच पुढच्या पानाकडे गेली. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

हे सगळं मी तिथे, त्या बाजेपुढे, मोठ्याने सांगितलं नाही. मी एवढंच म्हणालो, “कुमुदला सांगतो, असं म्हणायचो.”

“हं,” ती म्हणाली.

विहिरीवर माकडं आली होती, त्यांना हाकलायलाही कोणी उठेना. मी नथ्थूजींना विचारलं, “तुम्ही पाहिलं होतं ना? मग सांगितलं का नाही?”

“काय पाह्यलं जी? बाई पानी घालत होत्या अन् रडत होत्या. आता मालकाच्या घरच्या बाईचं असं मालकाले सांगाचं असते का?”

“मी तुम्हाला काढून टाकलं तरी?”

“थे तुमचं काम. मी माझं केलं.”

मी म्हणालो, “सामान ठेवा परत. माझं चुकलं.”

“असं नाही,” चंद्रभागा म्हणाली. “नीट म्हना. बावीस वर्सांत बेइमान नाही म्हनलं आम्हाले कोनं.”

मग मी नीट म्हटलं. हात जोडून म्हटलं. नथ्थूजींना ते अजिबात सोसेना. ते म्हणाले, “झालं, झालं, बस करा आता,” आणि पेटी पायाने बाजेखाली ढकलून ते कुमुदकडे वळले. “बाई, अकरा दिस राह्यले. तेवढी कळ काढा. खिडकी लावून घेत जा.”

“ती लागत नाही,” कुमुद म्हणाली.

खरंच लागत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन खिडकीच्या मागे लागलो, तर चौकटीचा एक तुकडाच निघून हातात आला. या घरात काही दुरुस्त करायला जाणं म्हणजे भीक नको पण कुत्रं आवर. शेवटी मी दुपारची झोप सोडली आणि हौदाच्या काठावर जाऊन बसायला लागलो. पहिल्या दिवशी दोन वाजता कुमुद बादली घेऊन आली. चोरून नाही, सरळ माझ्यासमोर.

“ती पाच तर तशीही फुकट गेली ना?” ती म्हणाली. “मग त्यांना देऊ द्या.”

नथ्थूजींनी मला सांगितलं होतं की आता त्या पाचांना पाणी दिलं काय नि न दिलं काय, सारखंच. तरी मी म्हणालो, “नाही.”

“का?”

“मी नाही म्हणतोय म्हणून. नथ्थूजी नाही, डॉक्टर नाही. मी.”

तिने बादली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी काठावर बसली. पुढचे दहा दिवस ती रोज यायची आणि मी रोज नाही म्हणायचो. वाटतं तेवढं ते सोपं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तर मीच बादली उचलली होती. तेव्हा तिने मला खाली बसवलं.

संक्रांतीला नथ्थूजींनी स्टार्टर ढोसला. पाणी सोडलं, हलकं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाग अशी फुलली की वासाने डोकं दुखायला लागलं. दोनशे पंचेचाळीस झाडं पांढरी आणि मध्ये पाच हिरवीगार. येणारे-जाणारे शेतकरी थांबून विचारत, या पाचांना काय झालं? नथ्थूजी सांगत, “जात येगळी आहे जी त्यायची.”

आईचं वर्षश्राद्ध त्याच पंधरवड्यात आलं. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलीला परीक्षेमुळे येता आलं नाही. वर्ध्याहून कमलमावशी आली, दोन चुलतभाऊ आले. वरुडहून गुरुजी आणले होते. त्यांना पुढे आणखी दोन घरी जायचं होतं, त्यामुळे ते पहिल्यापासून घड्याळ बघत होते. व्हरांड्यात पाट मांडले. पिंड झाले, मग तर्पण. मी ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले.

“आईचं नाव घ्या आणि सोडा,” गुरुजी म्हणाले.

मावशी खांबाला टेकून बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला. “ओत बाबा, आता ओत,” ती म्हणाली. “जिवंतपणी एक घोट मिळाला नाही तिला.” आणि तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे कुमुद पुरणाचं ताट घेऊन उभी होती.

माझी ओंजळ तशीच राहिली.

“मावशी,” मी म्हणालो, “आईचं पाणी मी बंद केलं होतं.”

“काय?”

“सोडा, सोडा,” गुरुजी म्हणाले. “मध्ये बोलायचं नसतं.”

“थांबा हो जरा! मावशी, डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी कुमुदला सांगितलं. किती द्यायचं तेही मीच ठरवून दिलं. आई माझ्याकडे मागायची तेव्हा मी कुमुदचं नाव पुढे करायचो. आईला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. तुम्ही जे ऐकलंत ते आईकडून ऐकलंत, आणि आईच्या डोक्यात ते मी भरवलं. तेराव्याला तुम्ही बोललात तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. कुमुदने आईला तीन वर्षं जगवलं. मी फक्त बूट घालून जात होतो.”

पाणी बोटांतून गळून गेलं होतं. तीळ तेवढे हाताला चिकटून राहिले. चुलतभाऊ जमिनीकडे बघत होते. गुरुजींनी पळीने माझ्या ओंजळीत पुन्हा पाणी घातलं. मी आईचं नाव घेतलं आणि सोडलं.

मावशी माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला खाली बघावं लागलं.

“आणि मी वर्षभर गावभर सांगत फिरले,” ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, खांबाला धरत दारापर्यंत गेली आणि कुमुदच्या हातातलं ताट तिने आपल्या हातात घेतलं. “तू बस,” ती कुमुदला म्हणाली. “आज मी वाढते.”

सत्तरीच्या त्या बाईने पायाच्या दुखण्यासकट सगळी पंगत वाढली. माझ्या पानाशी आल्यावर ती न वाढता पुढे गेली. माझं पान चुलतभावाने वाढलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. नथ्थूजी थकलेत, बाग त्यांचा जावई बघतो. मावशी पंच्याऐंशीची आहे, तिला ऐकू चांगलं येतं. दर रविवारी वर्ध्याहून तिचा फोन येतो. मी उचलतो, ‘मावशी, कशा आहात?’ विचारतो, पलीकडे ती गप्प राहते, आणि मी फोन कुमुदला देतो. मग दोघी तासभर बोलत बसतात.